लेव्हल भरली, आता पुढे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

खानदेशातून या वेळी आलेली बहुतेक पत्रं ऑनलाइन खेळांच्या जुन्या खेळाडूंची आहेत. खेळातलं कॅरेक्टर लेव्हलच्या मर्यादेला टेकलं आणि आता काय करायचं, असा सगळ्यांचा सूर आहे. पत्रांतला मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : रेल्वेत पाळीची नोकरी आहे. ‘ईव्ह ऑनलाइन’ तीन वर्षं खेळतोय. एकेक स्किल पाचव्या लेव्हलला न्यायला दिवसच्या दिवस जातात आणि दहा-बारा वर्षं जुने खेळाडू पुढेच राहतात. स्किल इंजेक्टर (दुसऱ्या खेळाडूने विकलेले स्किलचे गुण) घेऊन अंतर भरून काढू का? (भुसावळ)

उत्तर : घेऊ नका. का ते आकड्यांतच दिसेल.

ईव्हमधलं स्किल घड्याळावर चालतं, तुम्ही लॉगइन असा वा नसा. पाळीच्या नोकरीला याहून सोयीची पद्धत नाही. गुणक १ असलेल्या, म्हणजे शिकायला सगळ्यात हलक्या स्किलला चौथ्या लेव्हलपर्यंत एकूण ४५,२५५ गुण लागतात आणि पाचव्यापर्यंत २,५६,०००. म्हणजे एकूण कष्टातला ८२ टक्के भाग शेवटच्या एका पायरीवर जातो. ती पायरी देते मात्र आधीच्या प्रत्येक पायरीइतकीच, जहाजाच्या बोनसचा एक पंचमांश. चौथ्या लेव्हलला थांबलेला खेळाडू त्या स्किलचा ८० टक्के फायदा घेतच असतो.

दुसरी गोष्ट, एका जहाजाला त्याच्या कामाचीच स्किल्स लागतात. बारा वर्षांच्या खेळाडूकडे पन्नास जहाजांची स्किल्स असतील, पण एका वेळी तो बसतो एकाच जहाजात. त्या जहाजापुरतं त्याला गाठणं तुमच्या आवाक्यात आहे.

आता इंजेक्टर. स्किल शिकण्याची रांग अखंड चालू ठेवली असेल तर तीन वर्षांत तुमचे पाच-सहा कोटी गुण झाले असतील. एका इंजेक्टरमधून ५० लाखांच्या आतल्या खेळाडूला ५,००,००० गुण मिळतात, त्यापुढे ५ कोटींपर्यंत ४,००,०००, मग ८ कोटींपर्यंत ३,००,००० आणि त्याहून जुन्याला फक्त १,५०,०००. तुम्हाला मिळतील ३,००,०००. विकणाऱ्याच्या अंगातून मात्र ५,००,००० निघालेले असतात. दोन लाख वाटेतच मुरले.

त्यापेक्षा वेग वाढवा. प्रत्येक स्किलमागे कॅरेक्टरचे दोन मूळ गुणधर्म म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट असतात, एक मुख्य, एक दुय्यम. मिनिटाला मिळणारे गुण म्हणजे मुख्य अ‍ॅट्रिब्यूट अधिक दुय्यम अ‍ॅट्रिब्यूटचा निम्मा भाग. रीमॅप करून, म्हणजे हे आकडे नव्याने वाटून, मुख्य २७ आणि दुय्यम २१ केलं तर मिनिटाला ३७.५, म्हणजे ताशी २,२५०. दोन्हीला +५ चे इम्प्लांट (कॅरेक्टरच्या डोक्यात बसवायची उपकरणं) लावले की ३२ आणि २६, ताशी २,७००. गुणक १ ची पाचवी पायरी साधारण ९४ तासांवरून ७८ तासांवर येते. रीमॅप वर्षातून एकदाच मिळतो, म्हणून पुढच्या वर्षभराची स्किल्स एकाच जोडीच्या अ‍ॅट्रिब्यूटवरची निवडा. इथेच पुष्कळांची चूक होते : रीमॅप करतात एका जोडीसाठी आणि दोन महिन्यांनी रांगेत भलतीच स्किल्स घालतात.

पॉड (जहाजातली खेळाडूची कुपी) फुटला की इम्प्लांट गेले. लढाईला जाताना इम्प्लांट नसलेल्या जम्प क्लोनमध्ये, म्हणजे राखीव शरीरात जा. आणि रात्रपाळीला निघण्यापूर्वी रांगेच्या शेवटी एक लांबलचक पाचवी लेव्हल टाकून ठेवा. रिकाम्या रांगेत गेलेले तास कुठूनच परत मिळत नाहीत.

प्रश्न : ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ मोबाइलवर रोज दीड तास खेळते. एका स्किलची ९२ लेव्हलपर्यंत बरी चाल होती, आता आकडा हलतच नाही. माझं काही चुकतंय का? (चाळीसगाव)

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. तुम्ही निम्म्या वाटेवर उभ्या आहात एवढंच. ९९ या शेवटच्या लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतो आणि ९२ ला ६५,१७,२५३, म्हणजे जेमतेम अर्धा. ८५ ला तर पाव वाटाच झालेला असतो. दर सात लेव्हलला एकूण एक्सपी साधारण दुप्पट होत जातो, त्या सूत्राचा हा परिणाम.

तुम्ही ताशी ६०,००० चा वेग लिहिला आहे. त्या हिशेबाने ९२ ते ९९ ला सुमारे १०९ तास, रोज दीड तास धरला तर ७२-७३ दिवस. हाच वेग ७५,००० वर नेलात तर ८७ तास, म्हणजे दोन आठवडे वाचतात. म्हणून आधी वेग नीट मोजा : एक्सपी ट्रॅकर शून्यावर आणा, बँकेच्या फेऱ्यांसकट पूर्ण एक तास खेळा आणि मगच आकडा वाचा. बँकेचा वेळ सोडून काढलेला वेग फसवतो. बहुतेकांचा वेळ जातो तो बँकेतच.

एखाद्या कामाला दोन-तीन लेव्हल कमी पडत असतील तर बऱ्याच ठिकाणी तात्पुरता बूस्ट चालतो. मसालेदार स्ट्यू जास्तीत जास्त ५ लेव्हल चढवतो, पण तितक्याच उतरवूही शकतो. चारपाच वाट्या हाताशी ठेवूनच बसा.

९९ नंतरही एक्सपी मोजला जातो, थेट २० कोटींपर्यंत, पण ताकद वाढत नाही. तिथून पुढचा फरक गिअरचा (शस्त्रं-चिलखतांचा) आणि हाताचा.

पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाण्या-येण्यातल्या उशिराची काळजी या खेळात फारशी करू नका, कारण खेळाचा ठोका ०.६ सेकंदाचा आहे. २०० मिलिसेकंदांचा उशीर त्यात जिरतो. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात मात्र फोन तापून मंदावतो. चार्जिंगला लावून खेळू नका आणि फोनचं कव्हर काढून ठेवा.

प्रश्न : ‘अल्टिमा ऑनलाइन’चा जुना खेळाडू आहे. सगळ्या स्किल्सचे मिळून ७०० गुण भरलेत. तलवारबाजीचं १२० चं पॉवर स्क्रोल वाचलं, तरी स्किल १०० वरच अडकलंय. स्क्रोल वाया गेलं का? (धुळे)

उत्तर : वाया गेलेलं नाही. स्क्रोलने त्या एका स्किलचं छत १०० वरून १२० वर नेलं. एकूण ७०० चं छत जिथल्या तिथे आहे आणि तुमचं घर काठोकाठ भरलंय. नवा गुण आत यायचा तर जुना बाहेर जायला हवा.

स्किलच्या यादीत प्रत्येकापुढे खूण असते : वर जाणारा बाण, खाली जाणारा बाण, कुलूप. मर्यादेला पोचल्यावर खाली बाण असलेलं एखादं तरी स्किल लागतं, नाहीतर वाढ होतच नाही. तुमच्याकडे बहुधा सगळे बाण वर आहेत. जे स्किल मनासारखं झालं त्याला कुलूप लावा, जे वाढवायचं त्यालाच वरचा बाण, आणि जे द्यायचं ठरवलं त्याला खालचा.

द्यायचं काय? तुम्ही हीलिंग आणि अ‍ॅनाटॉमी दोन्ही १०० लिहिली आहेत. पट्टीने विष उतरवायला दोन्ही ६०-६० पुरतात, मेलेल्याला उठवायला ८०-८०. दोन्ही ८० वर आणली की ४० गुण सुटतात, त्यांत तलवारबाजी आणि टॅक्टिक्स दोन्ही १२० होतात. उरलेली तीन स्किल्स १०० वर राहिली तरी बेरीज ७०० च. तोटाही सांगतो : पट्टीने भरणारं रक्त कमी होतं, आणि अ‍ॅनाटॉमी १०० च्या खाली गेल्यावर मारातली भरही घटते. समोरासमोरच्या लढाया जास्त असतील तर अ‍ॅनाटॉमीला हात न लावता दुसरं काही शोधा.

उतरवण्याआधी सोलस्टोन (स्किल साठवायचा दगड) असेल तर त्या स्किलचे गुण त्यात ठेवा. एकदा गळालेले गुण पुन्हा कमवावे लागतात, दगडातले राहतात. अंगठी-कंगनावरचे स्किलचे गुण ७०० मध्ये धरले जात नाहीत, मात्र त्या-त्या स्किलचं छत त्यांनाही ओलांडता येत नाही. जुन्या अकाउंटला वयाप्रमाणे एकूण मर्यादा ७२० पर्यंत मिळते. म्हणजे १२० ची बरोब्बर सहा स्किल्स.

प्रश्न : ‘गिल्ड वॉर्स २’ मध्ये ८० झाले. नवीन विस्तार (एक्सपान्शन) घेतला तर लेव्हल पुढे सरकेल का? (शहादा)

उत्तर : नाही. २०१२ पासून ८० ही मर्यादा तशीच आहे, आणि आमच्या लेखी या खेळाचं सर्वांत मोठं सुख तेच. वर्षभर सोडून आलात तरी जुनं गिअर कामाचं राहतं. विस्तारात मिळतात त्या मास्टरी : ग्लायडिंग, वाहनं वगैरे, तीही अख्ख्या अकाउंटला.

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थी मिळून छोटा ऑनलाइन खेळ बनवतोय. कॅप (लेव्हलची मर्यादा) ५० ठेवली होती. सुरुवातीचे खेळाडू तिथे पोचले आणि कंटाळले. कॅप ६० करावी का? आमच्याकडे पहिली पायरी १०० एक्सपीची आहे आणि दर सात लेव्हलला पायरी दुप्पट होते. दर लेव्हलला मार आणि जीव ५ टक्क्यांनी वाढतात. (अमळनेर)

उत्तर : तुम्ही सूत्र दिलंत म्हणून नेमकं उत्तर देता येतं, आणि ते ‘नको’ असं आहे.

५० ला पोचायला तुमच्याकडे एकूण सुमारे १,२२,००० एक्सपी लागतो. ६० ला ३,३०,०००. म्हणजे वरच्या दहा लेव्हलचं काम आधीच्या सगळ्या प्रवासाच्या १.७ पट. जुना खेळाडू दोन महिने गुंतेल आणि पुन्हा तिथेच येऊन बसेल. नव्याला मात्र डोंगर तिपटीच्या जवळ गेलेला दिसेल.

ताकदीचं गणित याहून वाईट आहे. दहा लेव्हलला ५ टक्के चक्रवाढीने मार १.६३ पट होतो, जीवही १.६३ पट. समोरासमोर दोन्ही लागू होतात, म्हणजे २.६५ पट. ५० वाला ६० वाल्यापुढे उभाच राहणार नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ दर विस्ताराला कॅप वाढवत १२० वर गेलं आणि २०२० मध्ये आकडे दाबून पुन्हा ६० वर आणावे लागले. तुमच्यासारख्या चौघांना तो उद्योग झेपणार नाही.

जुन्याला उंची देऊ नका, रुंदी द्या. ‘एव्हरक्वेस्ट’ने २००१ मध्येच कॅपनंतरचा एक्सपी वेगळ्या गुणांत वळवायची सोय केली होती. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ची चँपियन पॉइंटची (कॅपनंतर मिळणाऱ्या गुणांची) रचना बघा : मर्यादा ३,६०० गुणांची, पण तीन शाखांत प्रत्येकी चारच खाचा (स्लॉट). ज्या क्षमता खाचेत बसवाव्या लागतात त्या कितीही उघडल्या तरी एका वेळी चारच चालतात. जुन्याकडे निवड जास्त, हातातली ताकद थोडीच जास्त. तुमच्या खेळाला तीन खाचा आणि पंधरा-वीस क्षमता पुरतील. क्षमता अकाउंटला जोडा, म्हणजे दुसरं कॅरेक्टर काढायलाही उत्साह राहतो.

दोन खड्डे आधीच सांगून ठेवतो. कूलडाउन (क्षमता पुन्हा वापरण्याआधी थांबायचा वेळ) कमी करणारे टक्के सरळ बेरजेने जोडू नका, कारण १० टक्क्यांच्या दहा वस्तू जमल्या की कूलडाउन शून्य. आणि चिलखतासाठी ‘चिलखत भागिले (चिलखत + ३००)’ हे सूत्र वापरणार असाल तर ते नीट समजून घ्या. ३०० ला ५० टक्के मार अडतो, ६०० ला ६७, ९०० ला ७५. आकडा मंदावताना दिसतो म्हणून नवे डिझायनर निर्धास्त होतात. पण टिकायची ताकद २ पट, ३ पट, ४ पट अशी सरळ रेषेत वाढते. सूत्राने मर्यादा आपोआप पडते असं मानू नका. वरचा आकडा बांधायचा असेल तर तो कोडमध्ये हाताने बांधा.

एक्सपी साठवायला ३२ बिटांचा पूर्णांक घेतलात तर तो २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये नाण्यांचा ढीग याच आकड्याला अडतो. ६४ बिट आजच करा. डेटा भरल्यावर बदलणं जिवावर येतं.

प्रश्न : ‘पाथ ऑफ एग्झाइल’मध्ये ९४ ला आहे. ऐन लढाईत वीज जाते, कॅरेक्टर मरतं, एक्सपी कापला जातो. उपाय? (रावेर)

उत्तर : मॅप्समध्ये (खेळाच्या शेवटच्या टप्प्यातल्या मोहिमांत) मेलं की त्या लेव्हलला लागणाऱ्या एक्सपीचा १० टक्के भाग जातो, पण लेव्हल खाली उतरत नाही. त्यामुळे अवघड बॉस लेव्हल चढल्या-चढल्या घ्या, तेव्हा गमवायला काही नसतं. एक्सपीचा बार ७०-८० टक्क्यांच्या पुढे गेला की पूर्ण जमणारे सोपे मॅप्सच खेळा, आणि भारनियमनाच्या वेळेत स्टॅश (वस्तूंची पेटी) आवरणं, खरेदी-विक्री, क्राफ्टिंग ही कामं करा.

लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, बंद पडतो तो राउटर. त्यासाठी छोटा राउटर यूपीएस मिळतो. घेण्यापूर्वी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेक १२ व्होल्टचे असतात पण ९ चेही आहेत. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तितकेच किंवा जास्त चालतील. एक दिवस मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा. राउटर चालू राहूनही नेट गेलं तर वीज तुमच्या केबलवाल्याच्या खांबावरच्या पेटीत जाते आहे, आणि तिथे यूपीएसचा उपयोग नाही. मग फोनचं हॉटस्पॉट आधीपासून जोडून ठेवा आणि लढाई ऐन भरात असताना नेट बदलू नका, आधी कॅरेक्टर सिलेक्शनला बाहेर या.