अमेरिकेत आमच्याकडे फॉस्टर केअरमध्ये (यंत्रणेने तात्पुरतं सांभाळायला दिलेला) आलेला अडीच वर्षांचा मुलगा अजून बोलत नाही. तपासणी, बालवाडी मोफत मिळेल का?

हो, तपासणी सगळ्याच राज्यांत मोफत होते, आणि हेड स्टार्ट या मोफत सरकारी कार्यक्रमाच्या बालवाडीसाठी तुमचा पगार बघत नाहीत. घरचं उत्पन्न कितीही असो, फॉस्टर केअरमधलं मूल पात्रच, असं केंद्र सरकारच्या नियमांत स्पष्ट आहे. तीन वर्षांखालच्यांसाठी 'अर्ली हेड स्टार्ट' असतं. पात्र म्हणजे जागा नक्की असं नाही, म्हणून आजच नाव नोंदवा. तपासणीसाठी केसवर्करच्या (मुलाचं प्रकरण सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) फोनची वाट पाहत बसू नका. राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन (विकासात मागे असलेल्या लहानग्यांना लवकर मदत देणाऱ्या) कार्यालयाला तुम्ही स्वतः कळवू शकता, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. कळवल्यापासून 45 दिवसांत मूल्यमापन आणि मूल पात्र ठरल्यास सेवांचा आराखडा ठरवणारी बैठक व्हायला हवी, तेव्हा कळवल्याची तारीख लिहून ठेवा. तिसऱ्या वाढदिवशी ही जबाबदारी सहसा स्कूल डिस्ट्रिक्टकडे (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे) जाते आणि पात्रता नव्याने ठरते, म्हणून घाई करा. अडतं ते बहुधा सहीवर: काही राज्यांत फॉस्टर पालकाची संमती चालते, काही ठिकाणी जन्मदात्यांची किंवा कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीची लागते. कोणाची लागेल, हे केसवर्करकडून लेखी घ्या. थेरपीला काही राज्यांत उत्पन्नानुसार फी असते.