टाळू नक्की कुठली, तोंडातली की डोक्यावरची?

प्रश्न असा आहे: बाळाच्या डोक्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘अँटीरियर फॉन्टॅनेल’ आणि ‘कॅव्हम’ हे शब्द आहेत. पहिल्याला टाळू म्हणावं, तर टाळू तोंडात असते ना? आणि ‘कॅव्हम’ला पोकळी म्हटलं की घरचे घाबरतात.

टाळूच म्हणा, बिनदिक्कत. संस्कृतात तालु म्हणजे तोंडाचं छत, तालव्य वर्ण त्यावरूनच आले. मराठीत तो अर्थ आहेच, शिवाय माथ्यालाही टाळू म्हणतात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी हे माथ्यावरचंच. तान्ह्या बाळाविषयी बोलताना घोटाळा होत नाही. ‘टाळू उडतेय’ म्हटलं की कुणी बाळाचं तोंड उघडून बघत नाही. मात्र क्रियापद जपून वापरावं. आजी टाळू भरते म्हणजे तेल घालते. टाळू भरून येते म्हणजे हाडं जुळत येतात. तेलाचा या दुसऱ्या गोष्टीशी संबंध नाही.

अहवालासाठी ‘पुढची टाळू’ असं लिहावं, कारण मागेही एक असते आणि ती साधारण दोन महिन्यांत बुजते. पुढची बहुधा ९ ते १८ महिन्यांत भरून येते. ही तपासणी तिच्यावरच अवलंबून आहे: कवटीच्या हाडातून ध्वनिलहरी नीट आत जात नाहीत, टाळूवर हाडाऐवजी पडदा असतो, म्हणून प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारं हातातलं उपकरण, तिथे ठेवतात. ‘टाळूतून केलेली सोनोग्राफी’ हे वर्णन मला इंग्रजी नावापेक्षा नेमकं वाटतं.

आता ‘कॅव्हम’. पूर्ण नाव कॅव्हम सेप्टम पेल्युसिडम. मेंदूच्या मध्यावर दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्यामध्ये द्रव साठलेला असतो. गर्भात ही जागा सहसा असतेच, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ठळक दिसते आणि जन्मानंतर काही महिन्यांत बहुतेकांची मिटते. पोकळी हा शब्द चूक नाही, पण ऐकणाऱ्याला मेंदूत काहीतरी कमी आहे असं वाटतं. घरी सांगताना ‘पडद्यांमधली द्रवाची जागा’ म्हणावं. तिच्या दोन्ही बाजूंच्या व्हेंट्रिकल्सना, म्हणजे मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या कप्प्यांना, मस्तिष्कविवरं म्हणावं. हृदयाच्या व्हेंट्रिकल्सना निलय म्हणतात, तो शब्द हृदयासाठीच राहू द्यावा. द्रवातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून हे सगळं यंत्राच्या स्क्रीनवर काळं दिसतं. विवरांतला कोरॉइड प्लेक्सस, जिथे हा द्रव तयार होतो, तो मात्र पांढरा चमकतो. त्यामुळे ‘इकोजेनिक’ला ‘उजळ दिसणारा’ एवढंच म्हणावं. त्या शब्दात गाठ किंवा रक्तस्राव असा कुठलाही निष्कर्ष नाही.