शंका-समाधान : प्रोटॉनांच्या टकरीतला मागचा पसारा

प्रश्न : पिथिया ८ (कणांच्या टकरींची नक्कल करणारी संगणक-प्रणाली) वापरून एलएचसी या कणत्वरकासारख्या १३ टीईव्ही ऊर्जेच्या टकरी संगणकावर घडवल्या. दोन जेटची (एका दिशेने निघणाऱ्या कणांच्या झोतांची) अपेक्षा होती, पण यादीत शेकडो कण दिसतात. हाच पाइल-अप का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : नाही. एलएचसीत दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे गुच्छ एकमेकांतून जातात आणि एकाच वेळी अनेक वेगवेगळ्या जोड्या धडकतात, तो पाइल-अप. पिथियात तो मुद्दाम मिसळावा लागतो. तुमच्याकडची गर्दी एकाच जोडीची आहे.

प्रोटॉन हा बुंदीचा लाडू समजा. दोन लाडू आपटले की एखादी कळी समोरच्या कळीवर जोरात आदळते, त्यातून तुमचे जेट निघतात. पण त्याच झटक्यात इतर कळ्याही एकमेकींना लागतात (मल्टिपार्टन इंटरॅक्शन, म्हणजे एमपीआय; पार्टन म्हणजे प्रोटॉनच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन), उरलेला चुरा तसाच पुढे जातो आणि धडकेच्या आधी-नंतर ग्लुऑन उडतात ते वेगळेच. मुख्य टक्कर सोडून उरलेल्या या सगळ्याला अंडरलाइंग इव्हेंट म्हणतात. पाइल-अपचे कण वेगळ्या टक्करबिंदूतून येतात म्हणून बरेचसे वगळता येतात. इथे बिंदू एकच, त्यामुळे ती सोय नाही.

खात्री करायची तर ‘पार्टनलेव्हल:एमपीआय’ एकदा ऑन, एकदा ऑफ ठेवून दहा-दहा हजार टकरी चालवा आणि विद्युतभारित कणांची सरासरी पाहा. फरक डोळ्यांत भरेल.

प्रश्न : प्रत्येक कणाची ‘आई’ (तो ज्यातून निघाला तो कण) शोधत मागे गेलो तर एमपीआयचे कण वेगळे काढता येतील ना? (संशोधक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : पार्टनपर्यंत येतील. पिथियाच्या यादीत स्टेटस २१ ते २९ म्हणजे मुख्य टक्कर, ३१ ते ३९ म्हणजे एमपीआय, ६१ ते ६९ म्हणजे बीमच्या अवशेषांशी जोडणी. (अंतिम टप्प्यापर्यंत न टिकलेल्या कणांपुढे उणे चिन्ह असतं, म्हणून निरपेक्ष किंमत घ्या.) पण हॅड्रॉन (पायॉनसारखे, क्वार्कचे बनलेले कण) बनतात ते रंगभाराच्या तारा तुटून. तारेचं एक टोक मुख्य टकरीतल्या पार्टनला आणि दुसरं एमपीआयमधल्या पार्टनला बांधलेलं असू शकतं. त्यावर कलर रिकनेक्शन ही बांधणी आणखी बदलतं. अशा तारेतून निघालेल्या पायॉनला नाव कोणाचं लावणार? प्रयोगात तर ही ‘आई’ दिसतही नाही. तेव्हा कण निवडून वेगळे करायचा नाद सोडा आणि दिशेनुसार घनता मोजा.

प्रश्न : तीच घनता मोजतोय. माझा आलेख प्रयोगाच्या दुप्पट येतो. शिवाय दहा संगणकांवर दहा जॉब चालवले तर त्रुटीच्या रेषा संशयास्पद इतक्या लहान आहेत. (पीएच.डी. विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आधी रीत. फर्मिलॅबच्या टेव्हाट्रॉनवर सीडीएफ प्रयोगाने ती रूढ केली. टकरीतला सर्वाधिक पीटीचा (म्हणजे बीमला आडव्या दिशेतल्या संवेगाचा) भारित कण शोधा. त्याच्यापासून फाय या बीमभोवतीच्या कोनात ६० अंशांच्या आत ‘टुवर्ड’, १२० च्या पुढे ‘अवे’ आणि मधला ६० ते १२० चा पट्टा ‘ट्रान्सव्हर्स’. जेट पहिल्या दोन भागांत जातात. आडव्या पट्ट्यात उरतो तो प्रामुख्याने पसारा.

दुप्पट येण्याचं कारण बहुधा क्षेत्रफळ. आडवे पट्टे दोन आहेत, डावा आणि उजवा. ईटा (बीमशी होणाऱ्या कोनाचं माप) उणे २.५ ते अधिक २.५ घेतलात तर रुंदी ५, कोन २ × १.०४७ = २.०९४ रेडियन, क्षेत्रफळ १०.४७. कण दोन्ही बाजूंचे मोजून भाग मात्र ५.२४ ने दिला, की झालं दुप्पट.

कोनाची वजाबाकीही तपासा. १७० आणि उणे १७५ अंशांतला फरक ३४५ नव्हे, १५ आहे. ३६० मधून वजा करायचं राहिलं तर कण भलत्याच भागात पडतात, आणि आलेख दिसायला ठीकठाक असल्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही.

त्रुटीच्या रेषांचं म्हणाल, तर सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) दिलं होतं का? ‘रँडम:सेटसीड’ ऑन केलं नाही तर पिथिया दर वेळी १९७८०५०३ याच सीडने सुरू होतो. म्हणजे दहा जॉबमध्ये त्याच टकरी दहादा मोजल्या आणि त्रुटी √१० पटीने, फुकटात, घटली. सीड शून्य ठेवलं तर ते घड्याळावरून घेतलं जातं, पण सगळे जॉब एकाच क्षणी सुटले तर पुन्हा तोच घोळ. सरळ जॉबचा क्रमांकच सीड म्हणून द्या.

आणखी दोन गोष्टी. प्रक्रिया ‘सॉफ्टक्यूसीडी:इनइलॅस्टिक’ घ्या. हार्डक्यूसीडीला (फक्त जोराच्या टकरी) पीटीहॅटची, म्हणजे मुख्य टकरीतल्या पीटीची, खालची मर्यादा घालून चालवलंत तर आलेखाचा सुरुवातीचा चढ चुकेल. घनता आधी झपाट्याने वाढते आणि त्या सर्वाधिक पीटीच्या कणाचा पीटी सुमारे ५ जीईव्ही झाला की जवळजवळ सपाट होते. कारण पुन्हा लाडूच : जोराची टक्कर बहुतेक लाडू समोरासमोर आपटले तरच होते, आणि तेव्हा बाकीच्या कळ्याही भरपूर लागतात. एकदा पूर्ण समोरासमोर आले की आणखी किती लागणार?

दुसरं, ‘स्थिर कण’ कोणते? मूळ सेटिंगमध्ये के-शॉर्ट आणि लॅम्डा पिथियातच विघटित होतात आणि त्यांचे पायॉन तुमच्या मोजणीत शिरतात. ‘लिमिटटाउझीरो’ ऑन करून ‘टाउझीरोमॅक्स’ १० मिलिमीटर ठेवा, म्हणजे याहून जास्त टिकणारे कण पिथिया विघटित करणार नाही. मात्र मग सिग्मा, क्साय, ओमेगा हे भारित बॅरिऑनही स्थिर राहतात. एलएचसीवरच्या ॲटलस प्रयोगाच्या १३ टीईव्ही मोजणीशी तुलना असेल तर तेही वगळा.

प्रश्न : पसारा कमी-जास्त करायला कोणता आकडा फिरवू? (तोच विद्यार्थी)

उत्तर : ‘पीटीझीरोरेफ’. कमी पीटीला टकरींची शक्यता अनंताकडे पळते, तिला हा आकडा लगाम घालतो. तो कमी केला की एमपीआय वाढतं. मोनॅश ट्यूनमध्ये (पिथियाच्या मूळ सेटिंगच्या संचात) ७ टीईव्हीला तो २.२८ जीईव्ही आहे, ऊर्जेबरोबर वाढण्याचा घातांक ०.२१५, म्हणजे १३ टीईव्हीला सुमारे २.६०. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाच्या सीपी५ ट्यूनमध्ये मात्र १.४१ दिसेल. तो उचलून मोनॅशमध्ये टाकू नका. सीपी५ वेगळं पार्टन वितरण (प्रोटॉनमध्ये कोणता पार्टन किती संवेगाचा, याचं कोष्टक) वापरतं आणि त्यातले कमी संवेगाचे ग्लुऑन निराळे आहेत, म्हणून तिथे १.४१ चालतो. मोनॅशमध्ये त्याच आकड्याने एमपीआयचा पूर येईल.