त्यागराजांचा ‘श्री’ आपला श्री नव्हे

प्रश्न : मी हिंदुस्थानी गायन शिकते. कर्नाटक (दक्षिण भारतीय) संगीतातले रचनाकार त्यागराज यांची ‘एंदरो महानुभावुलु’ ही पंचरत्न कृती, म्हणजे त्यांच्या पाच नावाजलेल्या रचनांपैकी एक, श्री रागात आहे असं वाचून ऐकायला बसले, पण श्रीचा मागमूसही लागेना. रागाचं नाव चुकलंय का? (सांगली)

उत्तर : नाव बरोबर आहे, राग वेगळा आहे. आपल्या श्रीत रे-ध कोमल आणि मध्यम तीव्र. कर्नाटक श्रीत रे-म शुद्ध, ग-नी कोमल. आरोह ‘सा रे म प नी सां’, म्हणजे थेट आपला मधुमाद सारंग. गंधार फक्त उतरताना ‘रे ग रे सा’ असा येतो. त्या जागेवर कान ठेवा, राग तिथे उघडतो.

उरलेल्या चार कृतींचे राग नाट, गौळ, आरभी आणि वराळी. आरभीचा आरोह दुर्गासारखा. गौळाचे सूर भैरवाचे, पण धैवत वर्ज्य. शिकणाऱ्याला हमखास अडवतो तो नाट, म्हणजे ‘जगदानंदकारक’. पुस्तकात ‘रि’ दिसला की आपण शुद्ध रिषभ वाजवतो, तसाच शुद्ध धैवतही, आणि बघता बघता बिलावल तयार होतो. इथला रिषभ षट्श्रुती आहे, त्याची जागा आपल्या कोमल गंधाराची; धैवत कोमल निषादाच्या जागी. पेटीवर पांढरी १ ला सा धरलात तर आरोहाच्या पट्ट्या अशा : पांढरी १, काळी २, पांढरी ३, ४, ५, काळी ५, पांढरी ७ आणि वरचा सा. पेटी फक्त जागा दाखवते. सुरांमधलं आंदोलन गळ्यावरच चढवावं लागतं आणि त्यासाठी गुरू हवा.

प्रश्न : पंचरत्नं ऐकताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडत नाही. काय करावं? (नाशिक)

उत्तर : हात चालवा. पाचही पंचरत्नं आदी तालात आहेत. आठ मात्रा अशा मोजा : मांडीवर एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुढे थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात. आपण चुकतो ते ठेका शोधण्यात. तबल्याचा ठेका आपल्याला ताल सांगत असतो. मृदंगाला तसा बांधील ठेका नाही, तो गाण्याच्या अंगाने वाजतो, त्यामुळे हिशेब हातातच ठेवावा लागतो. शिवाय अनेक कृतींचा उठाव समेवर नसतो. अर्धी किंवा दीड मात्रा गेल्यावर शब्द पडतो. पहिला शब्द म्हणजे सम असं धरलंत की पुढचं सगळं सरकलं. आरभीतल्या ‘साधिंचेने’त आणखी एक गंमत : प्रत्येक चरणानंतर (कडव्यानंतर) पल्लवीकडे, म्हणजे ध्रुपदाच्या ओळीकडे, न जाता ‘समयानिकि’ या ओळीवर यायचं असतं. चरण आधी सरगमीत आणि मग त्याच चालीवर शब्दांत गातात. सुरुवातीला नुसती सरगम धरलीत तरी खूप हाती लागेल.

प्रश्न : त्यागराज तंजावरच्या मराठी दरबारात होते का? (पुणे)

उत्तर : नाही. जन्म तिरुवारूरचा, १७६७ चा; आयुष्य गेलं तंजावरजवळच्या तिरुवैयारूत, कावेरीकाठी, आणि तिथेच १८४७ मध्ये ते गेले. त्यांच्या हयातीत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. सरफोजीराजांचं बोलावणं नाकारून त्यांनी ‘निधि चाल सुखमा’ म्हटलं, ही आख्यायिका. धन सुखाचं की रामाची सेवा, असं त्यात ते मनाला विचारतात. त्यांचा चरितार्थ उंछवृत्तीवर चाले : भजन म्हणत दारोदार जायचं आणि पदरात पडेल तेवढंच धान्य घरी आणायचं.