वाचक विचारतात : भंगारातल्या टर्बोचं जेट इंजिन

मागच्या अंकात ट्रकच्या जुन्या टर्बोपासून (इंजिनाच्या धुरावर फिरून इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या टर्बोचार्जरपासून) छोटं गॅस टर्बाइन कसं उभं राहतं, ते थोडक्यात दिलं होतं. टर्बोचा कॉम्प्रेसर हवा दाबतो. ती हवा ट्रकच्या इंजिनाऐवजी आपण बनवलेल्या ज्वलनकक्षात जाते, तिथे गॅस जळतो आणि तापलेली हवा टर्बोच्याच टर्बाइनला (गरम हवेनं फिरणाऱ्या चाकाला) फिरवत मागून बाहेर पडते. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांनी जाळ कसा धरायचा तेच विचारलंय. जाळ धरतोच. टर्बो वाया जातो तो तेलापायी आणि तापमानापायी, म्हणून इथली उत्तरंही तिकडेच जास्त झुकली आहेत.

प्रश्न : भंगारवाल्याकडे दोन टर्बो आहेत, एक डिझेल कारचा आणि एक ट्रकचा. कारचा निम्म्या किमतीत मिळतोय. कोणता घेऊ? (तंत्रनिकेतनचा विद्यार्थी, वाळूज)

ट्रकचा घ्या. डिझेल कारच्या टर्बोत बरेचदा टर्बाइनभोवती हलणारी पाती असतात. काजळीनं ती अडकतात आणि त्यांना चालवणारी यंत्रणा आपल्याकडे नसते. शिवाय असा टर्बो लहान असतो. जेवढा टर्बो लहान तेवढी ज्वलननळी (ज्वलनकक्षाच्या कवचाआत बसणारी भोकांची नळी) लहान, आणि जाळाला पुरं जळायला जागा मिळत नाही. मग तो टर्बाइनमध्ये शिरतो.

व्हर्नियर घेऊन जा. कॉम्प्रेसरच्या चाकाचा समोरून दिसणारा, हवा आत घेणारा लहान व्यास मोजा. याला इंड्यूसर म्हणतात आणि पुढचा सगळा हिशेब याच मापावर चालतो. पहिल्या इंजिनाला ५० ते ६० मिमी उत्तम. पात्यांच्या कडा नखानं चाचपा. खाच असेल, टोक वाकलं असेल तर टर्बो कितीही स्वस्त असला तरी सोडा. शाफ्ट आडवा थोडा डुगडुगला तर घाबरू नका, या बेअरिंगमध्ये तेलाची फिल्म बसायला जागा ठेवलेलीच असते. मात्र डुगडुगताना चाक घराला घासता कामा नये. पुढे-मागे होणारा प्ले वेगळा. तो डायल गेजवर ०.१ मिमीच्या वर गेला, तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) संपलंय असं समजा.

सहा सिलिंडरच्या ट्रकच्या टर्बोला बरेचदा मधोमध पडदा असलेलं दुहेरी तोंड असतं. ज्वलनकक्षाची फ्लँज दोन्ही भोकांवर उघडायला हवी. एकच भोक जोडलं तर अर्धं टर्बाइन उपाशी राहतं. वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) असेल तर वेल्ड करून कायमचा बंद करा.

प्रश्न : ज्वलननळीला भोकं किती आणि कुठे पाडायची? माझ्याकडे एमएसची (माइल्ड स्टीलची) पाइप पडून आहे, ती चालेल का? (फॅब्रिकेशनवाले, जालना)

एमएस चालणार नाही. साधारण ५५० अंशांच्या वर त्याची खपली सुटायला लागते आणि ती खपली सरळ टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळते. जीआय (जस्त चढवलेली) पाइप तर हातातही घेऊ नका, तापल्यावर जस्ताचा विषारी धूर निघतो. एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चा १ ते १.२ मिमीचा पत्रा घ्या. परवडत असेल तर ३१०. वेल्डिंग आर्गनवर करा.

मापं अशी. नळीचा व्यास इंड्यूसरच्या दुप्पट, लांबी सहापट. म्हणजे ५० मिमीच्या इंड्यूसरला १०० मिमी व्यासाची, ३०० मिमी लांबीची नळी. बाहेरचं कवच १४० ते १५० मिमी. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ इंड्यूसरच्या क्षेत्रफळाइतकं ठेवायचं : ५० मिमीला साधारण १९६० चौरस मिमी. त्यातलं ३० टक्के इंजेक्टरकडच्या (गॅस आत सोडणाऱ्या तोंडाकडच्या) पहिल्या भागात, ६ मिमीची २१ भोकं. मधल्या भागात २० टक्के, ८ मिमीची ८. टर्बाइनकडच्या भागात उरलेलं ५० टक्के, १२ मिमीची ९. पहिल्या भोकांची हवा जाळ धरते, मधली उरलेला गॅस जाळते आणि शेवटची गार हवा मिसळून सगळं टर्बाइनला सोसेल इतकं खाली आणते. भोकं गोलाभोवती सारख्या अंतरावर पाडा आणि आतली बर (भोक पाडताना कडेला उरलेली धारदार कोर) काढा. बर राहिली की तिथून पत्रा जळायला सुरुवात होते.

हा काही देवानं दिलेला आकडा नव्हे, सुरुवात करायचं माप आहे. जाळ मागे टर्बाइनपर्यंत लांबतोय? पुढची भोकं अपुरी आहेत किंवा गॅस जास्त होतोय. ब्लोअर (सुरुवातीला इंजिनात हवा फुंकणारा) वाढवला की जाळ विझतो? पुढे हवा जास्त जातेय. कवचावर एकाच बाजूला लाल डाग येतो? नळी मधोमध बसलेली नाही.

बऱ्याच फॅब्रिकेशनवाल्यांची एक चूक हमखास होते : नळी दोन्ही टोकांना पक्की वेल्ड करणं. ३०० मिमी एसएस नळी ६०० अंशांनी तापली की ३ मिमीहून जास्त लांबते. जागा नसेल तर ती वाकते नाहीतर वेल्ड तोडते. एक टोक पक्कं करा आणि दुसरं बाहीत ४ मिमी सरकतं ठेवा.

प्रश्न : घरचा सिलिंडर आणि घरचाच रेग्युलेटर लावला. ब्लोअरवर जाळ धरतो, पण वेग वाढला की विझतो. (लातूर)

विझणारच. घरगुती रेग्युलेटर गॅस सोडतो सुमारे ३० मिलीबार दाबानं. कॉम्प्रेसर थोडा जरी फिरला तरी ज्वलनकक्षातला दाब त्याच्या वर जातो. आतला दाब जास्त आणि गॅसचा कमी, मग गॅस आत जाईल कसा? उलट गरम हवा नळीतून मागे येण्याचा धोका. शिवाय घरगुती सिलिंडर स्वयंपाकाशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदा आहे. व्यावसायिक १९ किलोचा सिलिंडर आणि हॉटेलच्या भट्टीला लावतात तसला मीटरवाला हाय प्रेशर रेग्युलेटर घ्या. त्यापुढे नॉन-रिटर्न (गॅस उलट येऊ न देणारा) व्हॉल्व्ह, सुईचा (गॅस बारीक कमी-जास्त करणारा) व्हॉल्व्ह आणि पटकन बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह, याच क्रमानं. बॉल व्हॉल्व्ह हाताशी पाहिजे, इंजिनापाशी नव्हे.

हे केल्यावर पुढचं पत्र सिलिंडरवर बर्फ धरल्याचं येईल, म्हणून आताच सांगून ठेवतो. ५० मिमीचं इंजिन जोरात चालताना सेकंदाला साधारण ०.२ किलो हवा ओढतं. हवा आणि गॅसचं प्रमाण साठास एक धरलं तर गॅस लागतो सेकंदाला ३.३ ग्रॅम, ताशी १२ किलो. एवढा द्रव गॅस उकळवायला सिलिंडरला बाहेरून सव्वा किलोवॅट उष्णता मिळायला हवी, म्हणजे पाणी तापवायच्या रॉडइतकी. ती मिळत नाही. सिलिंडर गारठतो, दाब पडतो आणि इंजिन धापा टाकतं. दोन सिलिंडर एकत्र जोडा, ते साध्या पाण्याच्या टपात उभे करा आणि एका वेळी दोन-तीन मिनिटंच चालवा. सिलिंडरला आच लावणं किंवा तो आडवा-उलटा करणं, दोन्ही वर्ज्य.

प्रश्न : दोन मिनिटं छान चाललं, मग मागून पांढरा-निळा धूर आणि तेलाचे थेंब. सील बदलून आणलं तरी तेच. पंप आरओ फिल्टरचा आहे, परतीची नळी १० मिमीची. (परभणी)

सीलचा दोष नाही. टर्बोचं सील रबरी नसतं, पिस्टनसारखी बारीक रिंग असते. ती पुराचं पाणी अडवू शकत नाही. बेअरिंगच्या घरातलं तेल खाली उतरायला वाट नसली की ते मिळेल तिथून निघतं, आणि सगळ्यात सोपी वाट टर्बाइनकडची.

येणारं तेल दाबानं येतं, जाणारं फक्त स्वतःच्या वजनानं पडतं, तेही फेसाळून. म्हणून परतीची नळी आत २० ते २५ मिमी हवी, सरळ खाली उतरणारी, कुठेही उलट चढ किंवा पोट न पडलेली. तिचं टोक टाकीतल्या तेलाच्या पातळीच्या वर सोडा. टाकीला श्वासाचं भोक ठेवा. टर्बो असा बसवा की तेल येणारं तोंड वर आणि जाणारं खाली राहील, उभ्या रेषेपासून ३० अंशांहून जास्त कललेलं नको.

आरओचा पंप काढून टाका. तो थंड पाण्यासाठी बनलेला आहे, गरम तेलात त्याचा पडदा टिकत नाही आणि प्रवाहही अपुरा. १२ व्होल्ट मोटरवर फिरणारा छोटा गिअर पंप, मिनिटाला दोन-तीन लिटर देणारा, रिलीफ व्हॉल्व्हसह (दाब जास्त झाला की तेल परत सोडणाऱ्या) घ्या. दाब गरम तेलावर २.५ ते ३.५ बार. पंपानंतर फिल्टर, मग मीटर, मग टर्बो. टाकीत ४-५ लिटर तेल. तेलाच्या लाइनवर प्रेशर स्विच बसवून गॅसच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) जोडा : दाब पडला की गॅस आपोआप बंद. सगळ्या बांधणीत पैसा खर्च करावा अशी एकच जागा असेल, तर ती ही. मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेणारा शाफ्ट तेलाविना काही सेकंदांत चिकटतो. तोपर्यंत तुमचं लक्ष मीटरकडे गेलेलंही नसतं.

आणखी एक. चाक थांबलेलं असताना पूर्ण दाबानं तेल सोडून ठेवू नका. रिंगच्या पलीकडे हवेचा दाब नसतो, म्हणून तेल बाहेर येतं आणि पहिल्या जाळाबरोबर धुराचा लोट उठतो. आधी ठिणगी, लगेच तेल, मग ब्लोअर हळू, मग गॅस. कक्षातला दाब ०.२ ते ०.३ बार दिसेपर्यंत ब्लोअर काढायचा नाही. बंद करताना उलट : गॅस तोडा, तेल चालू ठेवा, ब्लोअर पुन्हा लावा आणि मागचं तापमान १०० अंशांखाली आलं की मग तेल बंद. हे टाळलं तर गरम टर्बाइनकडचं तेल जळून कोळसा होतं, आणि पुढच्या वेळी शाफ्ट बोटानं फिरत नाही.

प्रश्न : डिसेंबरात व्यवस्थित चालणारं इंजिन मे महिन्यात त्याच गॅसवर जास्त तापतंय. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बिघडलं का? (छत्रपती संभाजीनगर)

थर्मोकपल ठीक असावं, हवा पातळ झालीय. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. ४२ अंशांच्या दुपारी तिथली हवा, समुद्रकाठच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा जवळपास १५ टक्के हलकी असते. डिसेंबरातल्या १२ अंशांच्या सकाळीशी तुलना केली तरी फरक १० टक्क्यांच्या आसपास. हवा कमी आणि गॅस तेवढाच, म्हणजे तापमान वर. त्यात गरम हवेत त्याच फेऱ्यांवर कॉम्प्रेसर दाबही कमी देतो. मग माणूस दाबाचा जुना आकडा गाठायला गॅस वाढवतो, आणि तिथेच फसतो.

उन्हाळ्यात दाबाकडे पाहून नको, तापमानाकडे पाहून गॅस द्या. के-टाइप थर्मोकपल टर्बाइनच्या मागे असेल, तर त्याचा आकडा खरा त्रास दाखवत नाही. कक्षात १ बार दाब असताना टर्बाइनच्या आधीचं तापमान मागच्यापेक्षा ९० ते १०० अंशांनी जास्त असतं. मागे ६५० दिसलं की चाकावर ७४० च्या पुढे. डिझेल ट्रकच्या टर्बोला ती वरची हद्द माना. मागे निमुळतं नोझल लावलं असेल तर तेही मोठं करून बघा, अरुंद तोंडानं तापमान हमखास चढतं.

प्रश्न : विहिरीवरची ५ एचपीची मोटर यावर चालवता येईल का? (शेतकरी, बीड)

नाही. ५ एचपीचं डिझेल इंजिन तासाला साधारण एक-सव्वा लिटर डिझेल खातं. हे ताशी १२ किलो गॅस खाऊन मागे फक्त पाच-सहा किलोचा रेटा देतं. शाफ्टवर शक्ती घ्यायची तर दुसरं टर्बाइन आणि गिअरबॉक्स लागेल, ते वेगळंच लचांड.

प्रश्न : गॅसऐवजी डिझेल वापरायचंय. डिझेल फवारणारं नोझल लावलं, पण सुरू करताना मागून मोठा भडका येतो. (नांदेड)

पहिल्या प्रयत्नात जाळ धरला नाही की डिझेल कक्षाच्या तळाशी साचतं. दुसऱ्या प्रयत्नात ते सगळं एकदम जळतं. ब्रिटिश अभियंता फ्रँक व्हिटलचं पहिलं जेट इंजिन १२ एप्रिल १९३७ ला पहिल्यांदा चाललं, तेव्हा इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करूनही ते वेग घेतच राहिलं. कारण हेच, आत साचलेलं इंधन. तुमच्याकडे तर टर्बाइन भंगारातलं.

कवचाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर ड्रेन कॉक बसवा. जाळ धरला नाही तर कॉक उघडा, ठिणगी बंद ठेवून अर्धा मिनिट नुसता ब्लोअर चालवा, मग दुसरा प्रयत्न. सुरुवात गॅसवरच करायची. कक्ष तापला आणि इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागलं की डिझेल हळूहळू वाढवत गॅस कमी करा. नोझलमधून धार नव्हे, धुक्यासारखा शंकू आला पाहिजे. उघड्यावर बाटलीत फवारून आधी तेवढं तपासा, जवळ आग नसताना.

प्रश्न : शेतात चाचणी घ्यायची आहे. काय काळजी घ्यावी? (हिंगोली)

पऱ्हाटीच्या फडात किंवा कडब्याच्या गंजीजवळ नको. मागे दहा मीटर मोकळी, ओली केलेली जमीन ठेवा. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू कॉम्प्रेसर ओढून घेतो, म्हणून तोंडाला तारेची जाळी लावा आणि इंजिन कमरेइतक्या उंच स्टँडवर बोल्टनं आवळा. उभं राहायचं पुढे-तिरकं. चाकांच्या रेषेत, म्हणजे बरोबर बाजूला, कोणीही नको. चाक फुटलं तर तुकडे त्याच रेषेत जातात. तिथे वाळूची पोती रचा. कानाला मफ आणि हाताशी कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक. बघायला गाव जमेल, त्याला बांधापलीकडे थांबवा.