कपोला गेला, कोळसा गेला नाही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत मेल्टिंगला, म्हणजे लोखंड वितळवायच्या कामाला लागलास, बरं झालं. पण ‘कपोला गेला, इंडक्शन आली, आता आपण कोळसा जाळत नाही’ असं तू लिहिलंस, ते हिशेबात बसत नाही बघ.

कपोलात, म्हणजे त्या जुन्या उभ्या भट्टीत, टनभर लोखंडाला साधारण 120 ते 150 किलो कोक (कोळसा भाजून केलेलं इंधन) लागतो. इंडक्शन, म्हणजे विजेची भट्टी, टनामागे 550 ते 650 युनिट वीज खाते. कोळशाच्या वीजकेंद्रात एका युनिटला सुमारे 700 ग्रॅम देशी कोळसा जातो. 600 युनिट धर, झाले 420 किलो. देशी कोळशात राख फार, म्हणून वजनाला वजन लावू नकोस. कार्बन डायऑक्साइड मोज: कोकचा 400 किलोच्या आसपास, कोळशाच्या विजेचा 550च्या पुढे. दिवसाच्या सौर विजेवर हा आकडा उतरतो, रात्रपाळीला नाही. उद्यमबागेतला धूर कमी झाला, तो गल्लीचा फायदाच; पण विजापूरकडे कुडगीला 2400 मेगावॅटचं केंद्र उभं आहे, ते कोळशावरच.

देशातलं कोळसा उत्पादन 2014-15 साली 61 कोटी टन होतं, 2024-25 मध्ये 100 कोटींवर गेलं. देशातली निम्मी स्थापित क्षमता, म्हणजे उभारलेल्या वीजकेंद्रांची ताकद, बिगरकोळशाची झाली म्हणून हुरळू नकोस; प्रत्यक्ष तयार झालेली युनिट मोजलीस तर सुमारे 70 टक्के अजून कोळशाचीच. कोळशाच्या केंद्रातला संच थंड करून परत पेटवायला तासन्‌तास जातात. म्हणून संध्याकाळच्या मागणीसाठी तो दुपारीही 55 टक्के भारावर चालूच ठेवतात.

तुझ्या हातात भट्टी आहे. रनर-रायझर, म्हणजे साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांत गोठलेले, परत वितळवायचे तुकडे, त्यांना चिकटलेली वाळू झाडूनच टाक. ती वितळून स्लॅग (धातूवरची मळी) होते, वीज खाते आणि भट्टीचं आतलं अस्तरही खाते. ओलं स्क्रॅप तर अजिबात नको, धातू उसळतो. झाकण उघडं ठेवून गप्पा मारत बसू नका. बरीच वीज वाया जाते ती वाट पाहण्यात: धातू 1450 अंशांवर तयार, पण साचे तयार नाहीत, नाहीतर स्पेक्ट्रोचा (धातूतली मूलद्रव्यं तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट यायचाय. साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्यांना आधी विचार, मगच शेवटचा चार्ज (भट्टीत टाकायचा माल) टाक. जमेल तितक्या हीट, म्हणजे वितळवायच्या खेपा, दुपारी घे. वेळेनुसार दर लागू आहे का, तेही हेस्कॉमच्या (तिकडच्या वीज कंपनीच्या) बिलावर बघ.

मीटरचं रीडिंग हीट सुरू करताना आणि ओतून झाल्यावर लिहून ठेव. युनिटला भाग चांगल्या कास्टिंगच्या (ओतीव मालाच्या) वजनाने दे, वितळलेल्या धातूच्या नव्हे. रिजेक्ट माल परत भट्टीत आला की त्याच्यासाठी दुसऱ्यांदा कोळसा जळतो. पंधरा हीटचे आकडे पाठव, मग अस्तराचं बोलू.