आई, आवाज आणि भिंतीवरचं बटण

प्रश्न : आई ७४ वर्षांची, साताऱ्यात एकटीच राहते. गुडघ्यांमुळे रात्री उठून दिवा लावणं जड जातं, म्हणून दिवाळीत इको डॉट (आवाजावर चालणाऱ्या अलेक्साचा छोटा स्पीकर), दोन स्मार्ट बल्ब आणि टेबल फॅनसाठी एक स्मार्ट प्लग बसवून दिला. आठवड्याभरात तिने स्पीकर कपाटात टाकला. म्हणते, "ती माझं ऐकतच नाही." काय चुकलं? – एक वाचक, पुणे

उत्तर : आईंचं म्हणणं बहुतेक खरंच आहे. अलेक्साला मराठी समजत नाही. २०१९ पासून हिंदी समजतं, पण नवा स्पीकर बरेचदा नुसत्या इंग्रजीवर राहिलेला असतो. आधी मोबाइलवरच्या अलेक्सा ॲपमध्ये त्या स्पीकरची भाषा 'हिंदी आणि इंग्रजी' करा. मग उपकरणांची नावं बदला. 'पंखा', 'बत्ती', 'चालू', 'बंद' हे शब्द मराठीत आणि हिंदीत सारखेच आहेत, त्यामुळे "अलेक्सा, पंखा बंद" म्हणताना आईंना परकी भाषा बोलावी लागत नाही. एवढ्यावर भागलं नाही, तर ॲपमध्ये हेच शब्द घालून रूटीन बनवा, म्हणजे ठरलेलं वाक्य म्हटलं की ठरलेलं काम आपोआप होतं. 'शुभ रात्री' म्हटलं की सगळं बंद, हे रूटीनही छान चालतं.

दुसरी अडचण बोलण्याच्या लयीची. "अलेक्सा... अगं, जरा तो... पंखा" असं बोललं, की मधल्या थांब्याला ती वाक्य संपलं असं समजते. म्हणून वाक्य आधी मनात ठरवायचं आणि मग एका दमात म्हणायचं. निळा दिवा लागला म्हणजे ऐकतेय, लाल असला तर माइकचं बटण दाबलं गेलंय. पुसताना हे हमखास होतं. रात्री कवळी काढल्यावर उच्चार बदलतात, तेव्हा सराव त्याही वेळी करून घ्या. स्पीकर भिंतीपासून २० सेंटीमीटर पुढे आणि टीव्हीपासून लांब ठेवा.

पण सगळ्यात मोठी चूक बल्ब निवडण्यात झाली आहे. आई सवयीने भिंतीवरचं बटण बंद करणारच, आणि तिथून वीज तुटली की स्मार्ट बल्ब मेल्यातच जमा. मग रात्री कितीही हाका मारा. बटणावर चिकटपट्टी लावून आईंची पन्नास वर्षांची सवय मोडायला जाऊ नका. बल्ब साधेच ठेवा आणि इलेक्ट्रिशियनकडून स्विचबोर्डच्या मागे स्मार्ट स्विचचं मॉड्यूल बसवून घ्या. जुनं बटणही चालतं, आवाजही चालतो. बोर्डात न्यूट्रल वायर आहे का आणि मॉड्यूल मावेल एवढी खोली आहे का, हे आधी बघायला सांगा. पुढे छताचा पंखा जोडायचा झाला, तर वेग कमीजास्त करायला पंख्यासाठीचंच मॉड्यूल घ्या. दिव्याच्या डिमरवर पंखा घूं घूं करतो.

वीज गेली की राउटरही जातो. त्याच्यासाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, पण राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्टेज वाचूनच घ्या. कधी राउटर बदलावा लागला, तर वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवा, म्हणजे सगळी उपकरणं पुन्हा जोडत बसावं लागणार नाही. ही उपकरणं बहुतेक वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या बँडवरच चालतात.

आणि हे आईंना स्पष्ट सांगाच: पडल्या, छातीत दुखलं, तर अलेक्सावरून ११२ लागत नाही. उशाशी मोबाइल हवा, शेजाऱ्यांचा नंबर पहिल्या बटणावर.

पहिला आठवडा एकच गोष्ट शिकवा, रात्रीची बत्ती. ती अंगवळणी पडली की मग अभंग आणि गोळ्यांची आठवण.

प्रश्न : वडिलांसाठी गीझर तशाच स्मार्ट प्लगवर लावू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : प्लगवर किती अँपिअर लिहिलंय ते आधी वाचा. २००० वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३. त्यामुळे ६ किंवा १० अँपिअरचा प्लग नको, १६ अँपिअरचाच घ्या. तोही बाथरूमच्या बाहेरच्या, घट्ट बसणाऱ्या सॉकेटमध्ये. सॉकेट सैल असेल तर पिना तापून प्लास्टिक वितळतं, म्हणून पहिले काही दिवस गीझर बंद करून झाल्यावर प्लगला हात लावून पाहा. 'चालू' आवाजावर ठेवा, 'बंद' मात्र २० मिनिटांच्या टायमरवर. अंघोळीच्या घाईत बंद करायचं विसरतंच.